डाव्या बाजूला कुणी नाचत नाही

फरशी पॉलिश करणाऱ्या माणसाला गर्व तो कसला असणार, असं कुणाला वाटत असेल तर त्याने धाकटीच्या बाबांना भेटायला हवं होतं. त्यांनी घासलेल्या फरशीत वाकून बघितलं तर भांग पाडता यायचा, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत सुटायचे. बँकेचा हॉल, दोन दवाखाने, एक गाड्यांचं शोरूम, अशी बांधलेली कामं होती. थोरलीचं लग्न झालं होतं. धाकटी चांगली बावीस वर्षांची, शाळा सुटल्यापासून बाबांच्या जोडीला. आईला ते पसंत नव्हतं, पण आईला तसं पसंत फारसं काहीच नसायचं.

त्यातच डिस्कोचं काम चालून आलं. तळघरातला भलामोठा हॉल, खाली सगळी लाकडी फरशी, रोज सकाळी सफाई आणि दर सोमवारी मेणाचं पॉलिश. घरात दोन दिवस खल झाला. शेवटी बाबांनी निकाल दिला, "आपण सकाळी जायचं, सकाळीच परत यायचं. रात्री तिथं कोण काय दिवे लावतं त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?"

सकाळचा डिस्को म्हणजे पाहुणे गेल्यानंतरचं घर. खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या, शिळ्या सिगारेटचा आणि महागड्या अत्तरांचा वास एकमेकांत कालवलेला. सोफ्याखाली एखादं कानातलं, झग्यावरून गळलेल्या चंदेरी टिकल्या, कुणाच्या तरी सँडलची तुटलेली टाच. पहिल्याच दिवशी बाबांनी एक खोटी पापणी किडा समजून बुटाखाली चिरडली, आणि धाकटी हसून हसून भिंतीला टेकली. टेकल्या टेकल्या तिचं लक्ष वर गेलं. छताला आरशाच्या तुकड्यांचा एक गोळा टांगलेला होता, बंद, धूळ बसलेला. हा फिरायला लागला की खाली काय होत असेल, हे तिच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच.

ते तिला दाखवलं काकांनी. काका म्हणजे डिस्कोत रेकॉर्ड लावणारे गृहस्थ, पंचावन्नच्या पुढचे, अंगाने काडी. रात्री दोनपर्यंत जागूनही सकाळी दहाला हजर, कारण रेकॉर्ड पुसायचं काम ते दुसऱ्या कुणाला करूच देत नसत. एका सकाळी त्यांनी न सांगता गोळा सुरू केला आणि रेकॉर्ड लावली. भिंतींवरून, खुर्च्यांवरून, बाबांच्या टकलावरून उजेडाचे ठिपके पळायला लागले. धाकटी मशीन चालवत होती. पॉलिशचं मशीन हातांनी ढकलायचं नसतं. दांडा जरा उचलला की ते एका बाजूला जातं, दाबला की दुसऱ्या, आणि त्याला आवरायचं कमरेने. तिची कंबर ठेक्यात कधी पडायला लागली, तिचं तिलाही कळलं नाही.

"पॉलिश, तू नाचतेयस!" काका काचेच्या केबिनमधून ओरडले.

"मी काम करतेय!"

"तेच म्हणतोय मी."

तेव्हापासून तिचं नाव पॉलिश पडलं आणि कामातलं लक्ष उडालं. सफाई संपली की बाबा वर चहाला जात आणि ती केबिनमध्ये. एक रेकॉर्ड वाजत असताना दुसरी कानाला लावून ऐकायची, दोन्हींचा ठेका जुळवायचा, आणि नाचणाऱ्याचा पाय अडू न देता एकीतून दुसरीत जायचं. पहिल्या महिन्यात तिने असा काही खडखडाट केला की काकांनी कानांवर हात ठेवले. तिसऱ्या महिन्यात एकदाचं जुळलं. "अजून सहा महिने," काका म्हणाले. "मग शनिवारचा पहिला तास तुझा." त्या दिवशी तिने बँकेचा हॉल दोनदा पुसला, आणि दोनदा पुसल्याचा तिला पत्ताही नव्हता.

आणि मग एका सकाळी मॅडम आल्या. मॅडम म्हणजे डिस्कोच्या मालकीण. भर दिवसा चंदेरी सँडल घालून फिरायची हिंमत गावात त्यांनाच होती. धाकटी तिथे उभी आहे हे त्यांच्या खिजगणतीतही नव्हतं.

"काका, स्पष्टच बोलते. फ्लोअर अर्धा रिकामा असतो. सगळे उजवीकडे, बारपाशी कोंबलेले. डावीकडे कुत्रं फिरकत नाही. तुमच्या गाण्यांत दम राहिला नाही. महिनाअखेरीस नवा माणूस येतोय."

हातातली पुसून झालेली रेकॉर्ड काकांनी पुन्हा पुसायला घेतली. काका गेले की धाकटीचा तासही गेला, नवा माणूस काही फरशीवालीला केबिनच्या दारात उभं करणार नव्हता. पण खरं सांगायचं तर तासाचं तिला नंतर सुचलं. आधी तिला रागच आला. माणूस इतकं ऐकून गप्प कसा बसतो? आणि ज्या गाण्यांनी आपली कंबर मशीनसकट हलवली त्यांत दम नाही म्हणजे काय? हे काय गौडबंगाल आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं तिने ठरवलं.

शनिवारी "थोरलीकडे जाते" अशी थाप मारून ती निघाली. झगा थोरलीचा होता, तेवढं खरं. पायात मात्र कामावरचेच रबरी तळाचे बूट, कारण दुसरे नव्हते. काकांनी तिला मागच्या दाराने आत घेतलं.

आपण रोज सकाळी झाडतो तोच हा हॉल, यावर तिचा विश्वास बसेना. गोळा फिरत होता. झगझगीत कपड्यांतली माणसं, उघडे खांदे, चंदेरी शर्ट, रंगवलेली बोटं, आणि छातीत घुमणारा तो ठेका. भर गर्दीत तिला कुणी ओळखत नव्हतं, आणि तिला ते फार आवडलं. उजवीकडे पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून ती सरळ डावीकडे गेली आणि नाचायला लागली. तिला नाच येत नव्हता. तिने तो केला. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात सोनेरी झग्यातली एक बाई आपल्या जोडीदाराला ओढत डावीकडे घेऊन आली. दोन पावलं, आणि तिची टाच सटकली. जोडीदाराच्या कॉलरला लटकून ती कशीबशी सावरली, खिदळली, आणि दोघं मुकाट्याने उजवीकडे परतली. थोड्या वेळाने एका तरुणाचं तसंच झालं. धाकटी नाचायची थांबली. तिने खाली वाकून फरशी नखाने खरवडली. नखात पिवळं मेण भरलं.

आता तिला सगळा उलगडा झाला. उजवीकडे बार, तिथे रोज काहीतरी सांडायचं, म्हणून रोज सकाळी गरम पाण्याने घासावं लागायचं आणि त्यात मेण निघून जायचं. डावीकडे काही सांडत नसे. तिथे बाबा जुन्यावर नवा थर चढवत राहिले, कारण ती बाजू कशी छान चमक घ्यायची. चमक वाढली तसे लोक घसरायला लागले, लोक जाईनात म्हणून मेण झिजेना, आणि बाबा खूश! काकांच्या गाण्यांचा यात काडीचा दोष नव्हता. दोष तिच्या घरचा होता.

रविवारभर तिच्या जिवाला चैन नव्हतं. बोलावं तर बाबांचं नाक कापलं जाणार, गप्प बसावं तर काकांची नोकरी जाणार. सोमवारी बाबांनी मेणाचा डबा उघडला तेव्हा तिने तोंड उघडलं.

"बाबा, डावीकडे मेण नको."

"का? तीच तर खरी चमकते."

"लोक घसरतात तिथे."

"कोण म्हणतं?"

"मी बघितलं. शनिवारी रात्री मी इथे होते. थोरलीकडे नव्हते गेले."

आता खोटं बोलल्याबद्दल, रात्रीबद्दल, आईबद्दल काय काय ऐकावं लागणार याची तिने मनात यादीच करून ठेवली होती. पण बाबांना भलतंच झोंबलं होतं.

"माझ्या फरशीवर माणूस घसरतो?" ते म्हणाले. "तीस वर्षं झाली या धंद्यात. मी रोज चालतो हिच्यावर. कधी घसरलो?"

"तुमच्या पायात रबर आहे, बाबा. ते लोक कातडी तळाचे बूट घालून येतात."

"मला शिकवू नकोस."

केबिनमधून काका सगळं ऐकत होते. ते बाहेर आले, स्वतःचे बूट काढले आणि बाबांपुढे ठेवले. "घालून तर बघा," ते म्हणाले. बूट घट्ट होते. बाबा ते कोंबून घालून बँकेच्या साहेबासारखे ताठ निघाले. तीन पावलं ठीक गेली. चौथ्याला पाय गेला आणि ते धपकन खाली बसले.

कुणीच हसलं नाही. बाबांनी बसल्या बसल्या तळवा फरशीवरून फिरवला. "किती छान चमकतेय गं," ते म्हणाले. धाकटीला वाटलं, आपण बोललोच नसतो तर बरं झालं असतं.

काकांनी हात पुढे केला. "उठा. म्हणजे मी म्हातारा झालो नाही म्हणायचं."

पुढचे दोन दिवस बापलेक गुडघ्यांवर होते. टर्पेंटाइन ओतायचं, तारेच्या घासणीने घासायचं, पिवळा लगदा फडक्याने उचलायचा. तिसऱ्या दिवशी फरशी कोरडी, निस्तेज झाली, आणि बाबा स्वतःहून मॅडमसमोर जाऊन उभे राहिले. "चूक माझी होती, मॅडम. काकांची नव्हे."

मॅडमनी फरशी बघून कपाळाला हात लावला. "मी चमकवायचे पैसे देते, आणि तुम्ही तर हिची फळी करून ठेवलीत!"

"नाचायला फळीच लागते."

"शनिवारी बघू. डावी बाजू भरली तर भरली. नाही भरली तर सोमवारपासून काकाही नकोत आणि तुम्हीही नकोत."

शनिवारी आईने बाबांच्या ठेवणीतल्या शर्टाला इस्त्री करून दिली आणि दोघांच्या डोक्यावर परिणाम झालाय हे तीनदा ऐकवलं. नऊला हॉल भरला. आणि सगळे उजवीकडे! फरशी बदलली हे लोकांना कोण सांगणार? सवयीने ते बारपाशी कोंबून घेत होते. एक गाणं झालं, दुसरं झालं. जिन्यावर उभ्या मॅडमनी घड्याळात बघितलं. केबिनमधून काकांनी धाकटीकडे बघितलं.

तिच्या पायात आज थोरलीच्या उंच टाचांच्या सँडल होत्या. ती एकटी डावीकडे चालत गेली. शे-दोनशे डोळे पाठीला टोचत होते. तिने नाचायला सुरुवात केली, आणि अख्खं गाणं ती एकटीच नाचत राहिली. रडू फुटायच्या बेतात आलं. कुणीही आलं नाही.

मग मागच्या दारातून बाबा आले. नवे बूट, कातडी तळाचे. ते नाचत आले नाहीत, मुद्दाम टाचा आपटत, खाड खाड आवाज करत भर मध्यातून आले आणि तिच्यासमोर उभे राहिले.

"काय करायचं असतं इथं?"

"काही नाही, बाबा. पाय उचलायचे."

बाबांनी पाय उचलला. मग दुसरा. आधी उजवीकडचे लोक खो खो हसले, मग कुणीतरी शिट्टी मारली, आणि सोनेरी झगेवाली धावतच डावीकडे आली. तिच्यामागून चार, मग दहा, मग मोजदाद राहिली नाही. मॅडम जिन्यावरून उतरल्या त्या चंदेरी सँडलसकट थेट गर्दीत शिरल्या. सोमवारचं आता कुणाला विचारायची गरज नव्हती.

बाबांच्या शेजारी एक जाडजूड गृहस्थ धापा टाकत म्हणाला, "आज फ्लोअर काय मस्त झालाय हो! पाय कसा धरतोय."

तीस वर्षांत बाबांना नाचणाऱ्या माणसाने कधी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी घाम पुसला. "माझी फरशी आहे ती," ते म्हणाले, आणि लेकीकडे वळून ओरडले, "काकांना सांग, हेच गाणं पुन्हा लावा म्हणावं!"

धाकटी सँडल हातात घेऊन केबिनकडे पळाली. काकांनी निरोप ऐकला, त्याच गाण्याची दुसरी रेकॉर्ड शोधून तिच्या हातात दिली आणि ते दारातून बाहेर पडले.

"कुठे चाललात?"

"नाचायला," काका म्हणाले. "डावीकडे जागा झालीय."