शेवटच्या बाकावरचा टॅब

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. सध्या छत्रपती संभाजीनगरच्या एका शाळेत, कपाटातल्या खडूच्या खोक्याशेजारी पडून आहे. माझा पडदा काळा झालाय, आणि बटण कितीही दाबलं तरी मी उठत नाही. पण एका मुलीची गोष्ट माझ्या पोटात अडकली आहे. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म कुठल्यातरी दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही. आठवतं ते बायपासवरचं एका बिल्डरचं ऑफिस. तेव्हा शहर चारी बाजूंनी वाढत होतं. ज्वारीच्या रानात रंगीत झेंडे लागत आणि लोक फ्लॅट बघायला येत. इमारत अजून उभी नसायची, म्हणून ती मी दाखवायचो. बाग दाखवायचो, निळाशार पोहण्याचा तलाव दाखवायचो. 'चोवीस तास पाणी' ही अक्षरं तर सारखी झळकवायचो. लोक माझ्यावर बोट फिरवून खूश होत आणि माझी कॉलर ताठ होई. ते पाणी येणार कुठून, हे मात्र कोणी विचारलं नाही.

मग नवे टॅब आले आणि मला शाळेला भेट देण्यात आलं. हार घालून फोटो काढले. फोटो काढणारे पुन्हा फिरकले नाहीत.

शाळा हर्सूलच्या पुढे, जिथं शहर संपतं असं वाटतं आणि आणखी एक वस्ती लागते, तिथं होती. सिल्लोड, वैजापूरकडून कामाला आलेल्या लोकांची मुलं तिथं शिकत. आठवीला इंग्रजी शिकवायच्या कालिंदी मॅडम. मुलं पेपरात उत्तरं चोख लिहीत, पण कोणी इंग्रजीत साधं नाव विचारलं तरी पायाच्या अंगठ्याकडे बघत. मॅडमना याचा भारी राग येई. शेवटी त्यांनी सगळा कारभारच फिरवला. धडा त्या आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोबाइलसमोर बसून शिकवायच्या आणि पालकांना पाठवायच्या. मुलांनी तो घरी ऐकायचा, आणि वर्गात फक्त बोलायचं. मुलांनी या प्रकाराला 'उलटी शाळा' असं नाव ठेवलं.

काय गोंधळ असायचा वर्गात! एक दुकानदार, एक गिऱ्हाईक. एक कंडक्टर, एक सुट्ट्या पैशांवरून भांडणारा प्रवासी. चुकतमाकत, हसत, पण पोरं इंग्रजी बोलायला लागली. शेजारच्या वर्गातले सर डोकावून जायचे.

मॅडमचा एक नियम होता. घरी धडा न बघता आलेल्यांनी शेवटच्या बाकावर बसून माझ्यावर तो बघायचा, मग बोलायला यायचं. नियम चांगल्या मनानं केला होता. पण शेवटच्या बाकावर रोज एकच मुलगी येऊ लागली. तिचं नाव राहत.

राहत कानात वायर घालून माझ्यासमोर बसे. तिला सगळं कळायचं, मला दिसत होतं ना! मॅडम धड्यात प्रश्न विचारत आणि उत्तरासाठी जरा थांबत. राहत ओठातल्या ओठात उत्तर देई, तेही अचूक. मग माझ्यातल्या मॅडम म्हणत, 'व्हेरी गुड!' उत्तर बरोबर असो, चूक असो, मी तेच म्हणायचो. एकदा ती समोर बसून रडत होती, तेव्हाही मी 'व्हेरी गुड' म्हणालो. मित्रांनो, तेव्हा मला इतकी लाज वाटली! धडा संपेपर्यंत तास संपायचा. पुढच्या बाकांवर बाजार भरून उठलेला असायचा आणि राहतच्या तोंडून मोठ्यानं एक शब्द निघालेला नसायचा.

आणि नववीची निवड तोंडावर आली होती. सेमी इंग्रजीच्या तुकडीत गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवत. तिथं जायचं तर तोंडी परीक्षा द्यावी लागे. राहतला ती तुकडी हवीच होती. तिची दादी दवाखान्यात होती तेव्हा रक्त तपासणाऱ्या एक बाई तिनं पाहिल्या होत्या. तिला तसं व्हायचं होतं. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं, पडदा पुसता पुसता.

एकदा मॅडमनी तिला विचारलं, "घरी का बघत नाहीस गं? मोबाइल नाही का?"

"पप्पा घेऊन जातात, मॅडम," ती म्हणाली. ते खोटं नव्हतं. पण ते पुरतंही नव्हतं.

"मग हा टॅब घेऊन जा. परीक्षेपर्यंत तुझ्याकडेच राहू दे."

मॅडमना वाटलं, प्रश्न सुटला. मलाही तसंच वाटलं.

घरी गेल्यावर मला खरी गोष्ट कळली. पाऊस सलग दोन वर्षं रुसला होता. वस्तीतले बोअर आटले होते. रस्त्याच्या कडेला प्रत्येक घराचा निळा ड्रम रांगेत उभा. टँकर कधी येईल त्याचा नेम नाही, आणि आला की ड्रमपाशी माणूस हवाच, नाहीतर पाइप पुढच्या ड्रममध्ये जातो. राहतचे वडील लोडिंग रिक्षा चालवत, आई सुमय्या वाळूजला पॅकिंगच्या कामाला जाई. म्हणून शाळा सुटली की राहत ड्रमपाशी. अंधार पडेपर्यंत तिथंच, आणि पप्पांचा मोबाइल घरी येई तो ती झोपल्यावर.

तिनं मला ड्रमच्या झाकणावर ठेवलं आणि धडा लावला. शेजारच्या भामाबाई वाकून बघू लागल्या.

"काय म्हणती गं ती बाई?"

"ती विचारती, तुमचं गाव कोणतं."

"सांग की मंग तिला, वैजापूर म्हणून!"

राहत खळखळून हसली. तिला इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्या संध्याकाळी मला वाटलं, पोरगी परीक्षेत बाजी मारणार.

परीक्षेला दोनच दिवस उरले होते. त्याच संध्याकाळी टँकर आला आणि एकच पळापळ उडाली. राहतनं झाकण काढलं, मला काखेत धरलं आणि दोन्ही हातांनी पाइप पकडला. मागून धक्का बसला. मी निसटलो आणि थेट ड्रममध्ये पडलो. तिनं मला पडताना पाहिलं. पण पाइप सोडला असता तर घरात पाणी नव्हतं. तिनं पाइप सोडला नाही. मित्रांनो, मी तिला मुळीच दोष देत नाही. अख्खी वस्ती थेंबाला महाग झालेली आणि मी बुडालो तो पाण्यात!

तिनं मला ओढणीनं पुसलं. सुमय्या म्हणाली, "चावलात ठेव, बेटा. सुकला की चालू होतो." दोन रात्री मी तांदळाच्या डब्यात काढल्या. राहत सारखी झाकण उघडून बटण दाबायची. मी जीव तोडून प्रयत्न केला. नाही जमलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती मला घेऊन फाटकापर्यंत आली. शिपाई मोतीराम मामांच्या हातात मला दिलं.

"मॅडमला द्या, मामा."

"अगं, आज परीक्षा हाय नं तुझी? आत जा की!"

"नाय मामा. मॅडम लई रागावतील." आणि ती वळून पळाली.

मला ओरडायचं होतं. अडवा तिला! तिला सगळं येतं! पण माझा आवाज गेला होता. आत तिचं नाव पुकारलं गेलं. पुन्हा पुकारलं गेलं. मग पुढचं नाव घेतलं. दुपारी यादी लागली आणि तुकडी भरली.

परीक्षेच्या गडबडीत मोतीराम मामांना मॅडम भेटल्या त्या यादी लागल्यावरच. त्यांच्याकडून सगळं कळताच मॅडमनी मला पर्समध्ये टाकलं आणि तडक वस्ती गाठली. पत्र्याचं दार आतून बंद होतं. सुमय्या बाहेर भांडी घासत होती.

"टॅब बिघडला ना मॅडम, पोरगी दोन दिवसापासून नीट जेवली नाय. बोलती, कोणत्या तोंडानं जाऊ शाळेत."

मॅडम दाराशी गेल्या. सवयीनं तोंडून इंग्रजीच निघालं. "राहत, आर यू देअर?"

मग आतून बारीक आवाज आला.

"नो, मॅडम. आय अ‍ॅम नॉट हिअर."

मॅडम हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. रोज संध्याकाळी तिला टँकरपाशी थांबावं लागतं, हे सुमय्यानं सांगितलं तेव्हा त्या दाराच्या आणखी जवळ सरकल्या. "राहत, व्हाय डिडन्ट यू टेल मी?"

"यू आस्क मोबाइल," दारामागून एकेक शब्द जुळवत उत्तर आलं. "यू डिड नॉट आस्क वॉटर."

वर्षभरात राहत माणसाशी इंग्रजीत बोलली ते एवढंच.

मित्रांनो, टॅब जपून वापरा, पाण्यापासून लांब ठेवा, असं खरं तर मी आता सांगायला हवं. पण मला कपाटात राहू द्या, माझं काही अडलेलं नाही. तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर कोणी गप्प बसत असेल, तर शाळा सुटल्यावर त्याच्याबरोबर त्याच्या घरापर्यंत चालत जा. तो संध्याकाळभर काय करतो ते बघा. मी हात जोडून सांगतो, उद्यावर टाकू नका. आम्हीही राहतच्या दारात गेलो होतो, पण यादी लागल्यावर गेलो.