नदीपलीकडची क्रेन

गल्लीत सगळे त्यांना टेलरकाकू म्हणत. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी लांब झूमचा कॅमेरा घेतला, तेव्हा सोबत राहणारी धाकटी नणंद म्हणाली, "वहिनी, या वयात लोक गुडघ्याला पट्टा घेतात गं!"

टेलरकाकू हसल्या. पक्ष्यांचं वेड त्यांना लहानपणापासूनचं. शिवणयंत्रासमोरच्या खिडकीतून नदी दिसायची, पात्रातल्या खडकांवर पक्षीही दिसायचे, पण तिळाएवढे. कॅमेरा आला आणि पहिल्याच दिवशी एका बगळ्याचा डोळा त्यांच्यासमोर आला. भोवती पिवळी कड, इतकी नीटस, की जणू कुणी बारीक टाक्यांनी काज करून ठेवलंय. त्यांनी बराच वेळ तो डोळाच बघितला. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली गेली.

कॅमेऱ्यात खोडी नव्हत्या असं नाही. गळ्यात अडकवला की मान अवघडायची. उजेड जरा उतरला की फोटो वाळू सांडल्यासारखा दाणेदार यायचा. झूम पुरता ताणला आणि पक्षी चौकटीतून निसटला, की त्याला पुन्हा शोधताना नाकी नऊ यायचे. रविवारी सोबत पक्षी बघायला येणारी मंडळी आपापली तोफेएवढी भिंगं सावरत म्हणत, "काकू, खेळणं आहे हो ते." काकू म्हणत, "असू दे. माझं खेळणं पार पलीकडच्या काठावर पोचतं." कोपर खिडकीच्या कठड्याला टेकवायचं, श्वास धरायचा आणि सुईत दोरा ओवावा तसं हलकेच बटण दाबायचं. हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

त्यांचे यजमान क्रेन चालवत. गेलं वर्षभर नदीपलीकडे एका मोठ्या इस्पितळाचं काम चाललं होतं, तिथल्या उंच क्रेनवर ते असत. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी काकू विचारत, "काय केलंत आज?" आणि रोज एकच उत्तर मिळे, "काय करणार? बसलो होतो." काकूंनीही ते खरंच धरलं होतं. कारण घरात या माणसाच्या हातात काही म्हणून टिकत नसे. कप फुटायचे, बशा फुटायच्या, कुलपात किल्ली घालतानाही तीनदा चुकायची. "हात आहेत की चाळणी," असं बहीणच त्यांना म्हणे.

एका सकाळी एक घार खिडकीवरून गेली. काकूंनी कॅमेरा उचलला आणि तिच्या मागे लागल्या. घार नदी ओलांडून गेली आणि क्रेनच्या लांब हाताच्या टोकावर जाऊन बसली. काकूंनी झूम पुरता नेला, तोवर ती उडाली होती. चौकटीत नुसतं लोखंड. ती कुठे गेली म्हणून त्या कॅमेरा सरकवत राहिल्या, आणि अचानक समोर एक काचेची खोली आली. आत त्यांचे यजमान.

"अगंबाई!" काकू मोठ्यानेच म्हणाल्या. "अगं इकडे ये, तुझा दादा बघ!"

नणंद धावत आली. कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्यावर दोघी डोक्याला डोकं लावून वाकल्या.

ते नुसते बसलेले नव्हते. दोन्ही पाय फाकवून, पुढे वाकून, पायाखालच्या काचेतून ते खाली बघत होते. उजवा हात एका दांडीवर होता. काकूंनी झूम जरासा मागे घेतला, तेव्हा दिसलं की खाली दोरांना एक भलीमोठी लोखंडी तुळई लोंबते आहे. बिऱ्हाडासकट त्यांचं घर तिच्यावर मावलं असतं. आणि वारा होता. तुळई डावीकडे झुलू लागली.

"पडते की काय गं!" नणंदेने काकूंचा दंड धरला.

काकूंना वाटलं, आता ते तिला उलट दिशेला ओढतील. कुणीही तेच केलं असतं. पण क्रेनचा हात तुळईच्याच मागे डावीकडे गेला, अगदी सावकाश, रडणाऱ्या पोराच्या मागे आई जाते तसा. तुळईचा झोका विरला. ती जागच्या जागी थांबली, आकाशात टांगलेली, निश्चल. मग खाली उतरू लागली. मजल्यावर दोन माणसं हात वर करून उभी होती. तुळईच्या टोकाला भोकं होती आणि ती खांबावरच्या खिळींवर बसायला हवी होती. काकू एकदा काचेच्या खोलीवर जात, एकदा तुळईवर, आणि मधूनमधून बटण दाबत. खोलीत यजमानांची बोटं दांडीवर इतकी थोडी हलत होती, की हलली असं नुसतं वाटायचं. खाली तेवढ्यानेच ते एवढं धूड केसभर सरकायचं. केसभर, पुन्हा केसभर. आणि बसलं. खालच्या माणसांनी हात खाली केले.

काकूंनी तेव्हा कुठे श्वास सोडला. आयुष्यभर त्यांनी सुईत दोरा ओवला होता. पण दोरा घराएवढा आणि सुई एवढ्या खाली असली तर? त्यांना पुढे शिवणाला बसवेना. नणंदही ओट्यापाशी जाऊन नुसतीच उभी राहिली.

संध्याकाळी यजमान आले, हातपाय धुऊन बसले. काकूंनी रोजचा प्रश्न विचारला नाही. कॅमेरा त्यांच्यासमोर धरला.

"हे काय?"

"बघा तर."

त्यांनी चष्मा चढवला. पहिला फोटो बघितला, दुसरा बघितला. "हा मी?" ते म्हणाले. मग क्रेनचा लांबून घेतलेला फोटो आला. निळ्या आकाशात एक काडी आणि काडीला चिकटलेला काचेचा ठिपका. "एवढ्या उंचावर असतो मी?" ते पडद्यावर आणखी वाकले. "आतून कळत नाही गं. खालीच बघायचं असतं."

"दादा, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" नणंद म्हणाली.

"काय सांगायचं? तिथे वर कोण येतंय बघायला?"

काकूंनी फोटो मोठा केला. "एक विचारू? या सगळ्या फोटोंत तुमचे ओठ हललेत. कुणाशी बोलत होता? वॉकीटॉकी तर बाजूला ठेवलेला दिसतोय."

यजमान लाजले. एवढ्या वर्षांत काकूंनी त्यांना असं लाजताना पाहिलं नव्हतं.

"हसाल तुम्ही."

"नाही हसणार."

"तुळईशीच बोलतो. भार कुठलाही असो, त्याच्याशी बोलतो. ये म्हणतो, सावकाश म्हणतो, बस आता बाळा, म्हणतो."

"आणि ऐकते ती?"

"वारा नसला की लगेच. वारा असला की जरा समजूत घालावी लागते."

कुणी हसलं नाही. नणंदेने चहा आणून ठेवला होता, तो तसाच निवत गेला. काकू पुन्हा पहिल्या फोटोवर गेल्या आणि एकेक पुढे सरकवू लागल्या. यजमान प्रत्येक फोटोवर बोट ठेवून, हळू आवाजात, त्या क्षणी आपण काय म्हणत होतो ते सांगत गेले.