मामा म्हणाले, एबीएस नक्को

ऐका, आज बोलायची पाळी माझी आहे. मी एक मोटरसायकल. रंग काळा, मुक्काम हैदराबादेत अंबरपेठ, आणि मनात एका म्हाताऱ्याबद्दल राग. स्वतःची कहाणी सांगताना गोड बोलायचं असतं म्हणे. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

कारखान्यात आम्ही दोघी बहिणी बरोबरच तयार झालो. सांगाडा तोच, इंजिन तेच, रंगही तोच. फरक एवढाच की तिच्या अंगात एबीएस बसवलं आणि माझ्या अंगातली ती जागा रिकामी राहिली. एबीएस म्हणजे काय, तर घाबरून कितीही जोरात ब्रेक दाबला तरी ते चाक जाम होऊ देत नाही. चाक फिरत राहतं आणि गाडी हँडलचं ऐकते. माझं चाक एकदा जाम झालं की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

शोरूममध्ये आम्ही शेजारी शेजारी उभ्या होतो. एका रविवारी समीर आणि त्याची बायको रुपाली आले. रुपाली दातांची डॉक्टर, कोठी भागात तिचा दवाखाना. समीर रोज तिला तिथे सोडून पुढे ऑफिसला जाणार, म्हणून गाडी हवी होती. रुपालीने सरळ माझ्या बहिणीच्या हँडलवर हात ठेवला.

"वरचे पैसे मी देते," ती म्हणाली, "पण एबीएसवालीच घेऊ."

समीरने मान डोलावली. पण त्यांच्या घरात नुसत्या मान डोलावण्याने काही होत नसे. फ्रिज असो, प्लॉट असो की जावई असो, लक्ष्मणमामांना दाखवल्याशिवाय काही पसंत व्हायचं नाही. लक्ष्मणमामा म्हणजे समीरच्या आईचे थोरले भाऊ, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. ते मागोमाग ऑटोने आलेच.

मामांचीही एक बाजू आहे. सांगायची इच्छा नाही, तरी सांगते. तरुणपणी त्यांनी स्कूटरसाठी नंबर लावला आणि वर्षानुवर्षं वाट पाहिली. मिळाली तेव्हा रंग विचारायचीही सोय नव्हती. मग बाजार खुला झाला आणि तेच दुकानदार हात जोडून 'हे घ्या, ते घ्या' करू लागले. तेव्हापासून विकणारा जे पुढे करील ते मागे सारायचं, हा मामांचा धर्म झाला. शिवाय सगळ्या भाच्यांना गाडी त्यांनीच शिकवली होती. पहिला धडा एकच: पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, माणूस उलटा पडतो. जो काही ब्रेक मारायचा तो पायाने.

"एबीएस नक्को रे," मामा म्हणाले. "हे ज्यांना गाडी येत नाही त्यांच्यासाठी. ब्रेक गाडीत नसतो, अकलेत असतो."

"पण मामा, समोर कुणी अचानक आलं तर अक्कल चालवायला वेळ असतो का?" रुपालीने विचारलं.

"तू तर मागं बसणार. गच्च धरून बस, झालं."

मामा हसले, विकणाराही हसला. समीरही हसला, आणि त्याचा मला जास्त राग आला.

वाचलेल्या पैशांतून मला जाडजूड क्रॅश गार्ड, चकचकीत हॉर्न आणि सीटला मऊ कव्हर आलं. म्हणजे पडू न देणारी वस्तू नको, पण पडल्यावर पेट्रोलची टाकी वाचवणारी हवी! चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, पेढे वाटले, आणि मी अंबरपेठेत आले.

बरेच दिवस सुखाचे गेले. मग एका सकाळी बेगम बाजारातून निघालेल्या हातगाडीवरचं पोतं फाटलं आणि कोठीच्या रस्त्यावर तुरीची डाळ सांडत गेली. पुढचा ऑटो एकदम थबकला. समीरने मामांच्या शिकवणीप्रमाणे पायाने ब्रेक ठेचला. माझं मागचं चाक जाम झालं, मी आडवी झाले. समीरला थोडं खरचटलं. रुपाली उजव्या हातावर पडली.

एबीएस असतं तर पडलोच नसतो, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. डाळीवर भल्याभल्यांचं चालत नाही. पण चाक फिरत राहिलं असतं तर समीरला हँडल वळवायची एक संधी मिळाली असती. ती संधी मामांनी शोरूममध्येच नाकारली होती.

संध्याकाळी मामा आले. रुपाली हाताला प्लास्टर घालून फाटकाशी उभी होती. मामा आधी माझ्याभोवती फिरले आणि टाकीवर थाप मारून म्हणाले, "बघ समीर, म्हटलं होतं ना! गार्डमुळे गाडीला ओरखडासुद्धा नाही."

त्या क्षणापासून मी मामांची वैरीण झाले.

तिचं मनगट नंतर पूर्ण वळलंच नाही. दाढ काढायला मनगटात जोर लागतो. आता ती दात नुसते तपासते, काढायला दुसऱ्या डॉक्टरांना बोलावते. समीर मला विकायला निघाला, तेव्हा ती म्हणाली, "विकलीस तर हिच्यामागे दुसरी कुणीतरी बसेल. मामांना देऊन टाक. त्यांच्या अकलेत ब्रेक आहे."

फुकटची गाडी मामांनी आनंदाने नेली. माझा आनंद त्याहून मोठा होता. एकदा माझ्यावर बसू तर दे, म्हटलं, मग बघते.

पण म्हातारा बसेचना! रोज पुसायचा, अंगणात चालू करून बघायचा आणि बाजारात जायचा ऑटोने. रुपाली मात्र त्यांना सोडत नव्हती. ते मला मामींच्या बडबडीतून कळायचं. पंगतीत डाव्या हाताने वाढू नये, हे तिला माहीत नाही का? पण मामांच्या पानात ती मुद्दाम डाव्या हाताने वाढायची आणि गोड आवाजात विचारायची, "काय मामा, गाडीवर आलात ना?" मामा मान खाली घालून भात कालवत राहायचे. ते ऐकून माझ्या इंजिनाला गारवा वाटायचा.

शेवटी तो दिवस आला. ऑटोवाल्यांचा संप होता आणि मामांची नात अश्विनी नोकरीच्या मुलाखतीला निघाली होती. मामांनी मला बाहेर काढलं. अश्विनी मागे बसली. चौरस्त्याच्या अलीकडे एक टेम्पो आडवा आला, मामांनी पायाने ब्रेक ठेचला आणि माझं शेपूट हललं.

"आजोबा!" अश्विनी किंचाळली.

इतके महिने हेच तर मागत होते मी. आणि तेव्हा मला कळलं की सूड घ्यायलासुद्धा गाडी हँडलचं ऐकणारी लागते. म्हाताऱ्याला पाड आणि पोरीला सोड, हे मला जमणारच नव्हतं. घसरत घसरत आम्ही टेम्पोपाशी थांबलो, ते निव्वळ नशिबाने.

मामा उतरले. अश्विनी चालत पुढे गेली आणि मामांनी मला हाताने ढकलत परत आणलं. मी जमेल तितकी जड झाले.

"क्या मामू, पेट्रोल खतम हो गया क्या?" पानवाल्याने विचारलं.

"हौ, खतम," मामा म्हणाले. साफ खोटं!

अश्विनीला नोकरी लागली. तिला स्वतःची गाडी हवी होती. रुपाली पेढे घ्यायला आली तेव्हा मामा माझ्याजवळ खुर्ची टाकून बसले होते.

"रुपाली," ते हळूच म्हणाले, "पोरीला कुठली गाडी घ्यावी गं? वरचे पैसे भरून ती एबीएसवाली..."

आयुष्यात पहिल्यांदा मामा कुणाला तरी विचारत होते. रुपालीने आधी हातातला पेढा सावकाश खाऊन संपवला.

"मला काय विचारता? अश्विनीला विचारा," ती म्हणाली. "ती सांगेल ते ऐका, आणि मामा, मध्ये हसू नका."

मामांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मी डोळे भरून पाहिलं.

आता ते मला भंगारात देऊ म्हणतात. माझे टायर बसलेत, साखळी गंजली आहे. पण माझी एकच विनंती आहे, मला कुठेही देऊ नका. इथेच, दारासमोर उभी राहू द्या. रोज सकाळी दार उघडलं की त्यांना आधी मी दिसले पाहिजे.