बारा सांधे

गॅसकटरचं सिलिंडर केवळरामने सकाळीच माझ्या मशीनशेजारी आणून उभं केलं. दिवसभर त्याचं काही काम नव्हतं. मला दिसावं म्हणूनच ठेवलं होतं.

केवळराम माझ्या बायकोचा, प्रेमिलाचा, धाकटा भाऊ. माजरीच्या कोळसा खाणीत तो फिटर होता. निवृत्तीनंतर वडशात त्याने शेड टाकली. मी कॉलेजच्या वाचनालयात जन्म घालवलेला माणूस. लोखंडाशी माझा संबंध कपाटांपुरता. पण एका जुन्या मासिकात सहा दांड्यांच्या मिलिंग मशीनचं चित्र पाहिलं आणि तेव्हापासून, चार वर्षं, ते मी त्याच्या शेडच्या कोपऱ्यात बांधत होतो. सहा दांड्यांवर एक थाळी लटकलेली, थाळीखाली फिरणारं कटर. दांड्या मोटरने लांब-आखूड होतात, तशी थाळी सरकते, कलते, आणि खालचं लाकूड कोरलं जातं. प्रत्येक दांडीच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा. म्हणजे बारा सांधे. ते ढिले असतील तर बाकी सगळं व्यर्थ.

दुपारी दोनला इंदुताई येणार होत्या. त्यांची फाउंड्री आहे. भातगिरणीच्या पंख्याचं ओतकाम करायला त्यांना लाकडी नमुना हवा होता. तो बरोबर निघाला तर त्या माझं मशीन फाउंड्रीत नेणार. नाही निघाला तर केवळराम संध्याकाळपर्यंत त्याचे तुकडे करून कोपरा मोकळा करणार. हे प्रेमिलासमोर ठरलं होतं. ती भावाकडेही बघत नव्हती, माझ्याकडेही.

आमचं भांडण सांध्यांवरून जानेवारीत पेटलं. मी जीपच्या स्टिअरिंगचे बॉलजॉइंट, म्हणजे वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचे सांधे, निवडले होते.

"थे खड्डे खायासाठी बनवले, भाऊजी," तो म्हणाला. "प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस लावा. ढिलाईचं नावच नाई."

"तो अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस दोनच बाजूंना वळतो. दांडीला स्वतःभोवतीही थोडं फिरावं लागतं. गोळा सगळीकडे फिरतो."

"दांडीत स्क्रू हाय ना? थो फिरंल. तुमच्या पुस्तकात नाई लिवलं काय?"

लिहिलं होतं. ते पान मी मुद्दाम उलटलं होतं, कारण ते त्याच्या बाजूचं होतं.

मग मी केसाएवढी हालचालही दाखवणारा डायल गेज लावून माझा एकेक बॉलजॉइंट ओढून-ढकलून पाहिला. काटा हलला नाही. वहीत बारा वेळा शून्य लिहिलं आणि वही त्याच्या नाकापुढे धरली. मला त्यात आनंद झाला, हे नाकारत नाही. त्या दिवसापासून तो मला कामगारांसमोर शून्य मास्तर म्हणू लागला.

इंदुताई तोंडाला दुपट्टा गुंडाळून आल्या. बाहेर शेहेचाळीस अंश, पत्र्याखाली त्याहून जास्त. मी मशीन सुरू केलं. पहिला फेरा बरा गेला. दुसऱ्या फेऱ्यात कटर आपल्याच रेषेवरून घसरलं, तिसऱ्यात पंख्याच्या पात्यावर पायऱ्या उमटल्या. बॉलजॉइंटमधलं ग्रीस तेलासारखं पातळ होऊन दांड्यांवरून ओघळत होतं.

इंदुताईंनी पात्यावरून बोट फिरवलं. "भाऊ, यावरून पंखा ओतला तं गिरणी नाचंल."

"सरका, शून्य मास्तर." केवळरामने गॅसकटरची नळी उचललीसुद्धा.

"थांबा हो," इंदुताई त्याला म्हणाल्या, आणि मला विचारलं, "हे सांधे मोजले कधी होते?"

"जानेवारीत. सकाळी सहाला."

"एवढ्या थंडीत? काऊन?"

उत्तर मला माहीत होतं. फक्त ते मी कधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. "तेव्हा इथे कोणी नसतं."

केवळरामने नळी खाली ठेवली. "मंग थ्याचं खापरही माह्याच डोक्यावर फोडा," तो म्हणाला.

नाही, चूक माझीच होती. कोणी हसू नये म्हणून मी पहाटे मोजत होतो, आणि पहाटेच्या थंडीत थिजलेल्या ग्रीसने गोळे घट्ट धरून ठेवले होते. मी सांधा मोजलाच नव्हता. ग्रीस मोजलं होतं.

पण मला तेव्हा शरण जायचं नव्हतं. "तुझे क्रॉस आण. आत्ता, याच उन्हात, ताईंसमोर मोजू. तेही हलले, तर लाव गॅसकटर. मी सिलिंडर धरतो."

ते हलावेत असं मला मनापासून वाटत होतं. मशीन गेलं असतं तरी चाललं असतं. हे लिहिताना लाज वाटते.

त्याने टेबलाखालून खोका ओढला. आत मेणकागदात गुंडाळलेले कोरे क्रॉस होते. पहिला व्हाइसमध्ये धरून मी डायल लावला, ओढला, ढकलला. काटा जागेवर. दुसरा, तिसरा, चौथा. तसाच.

"पुरे," इंदुताई म्हणाल्या.

"पुरे काऊन? बाराही मोजा. आन वहीत लिवा."

मी बाराही मोजले. घाम वहीवर पडत होता. इंदुताई उठल्या. "हेच लावा. आठ दिवसांनी येईन. दुपारीच."

त्या गेल्यावर केवळराम खोक्यावर हात ठेवून उभा राहिला. "देतो क्रॉस. पण आधी लिवा, केवळराम बरोबर होता. आन मोठ्यानं वाचा."

मी लिहिलं. वाचलं. वेल्डिंग करणारा थांबला, लेथवाल्याने मान वळवली. केवळरामने दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मी वाचलं, आणि त्याच ओळीखाली तारीख, वेळ, शेहेचाळीस अंश, असं लिहिलं.

"थे टेंपरेचर कायले?"

"हिवाळ्यात तुझे क्रॉस पुन्हा मोजणार आहे."

"मोजा ना. पण दहा वाजता, मी आल्यावर. चोरावानी नाई."

त्याने पाना माझ्यापुढे आपटला. मी पहिला बॉलजॉइंट खोलायला लागलो. तापलेला नट बोटांना चटका देत होता, ग्रीस कोपरापर्यंत आलं. आणखी अकरा होते.

सिलिंडर त्याने तिथून हलवलं नाही.