म्हणे, हिची ऊब पुरत नाही!

मी शेगडी बोलतेय. कोळशाची, अंगणात मांडतात ती नव्हे. मी बिडाची, काचेच्या दाराची, पोटात लाकडं घेणारी. थंड देशांत घराच्या भिंतीत फायरप्लेस असते ना, तिच्या पोकळीत मला बसवतात. आणि माझा जन्म कुठे व्हावा? सिंगापूरला, तुआसच्या कारखान्यात! जिथे माणसं बारा महिने घाम पुसतात, तिथे मी ऊब द्यायला शिकले.

साल २००४. माझ्या थोरल्या बहिणी जहाजाने न्यूझीलंडला गेल्या आणि मागोमाग तक्रार आली. दिसायला छान आहे, पण खोली काही तापत नाही! मला असा राग आला म्हणता. पण बोलणार कशी? पोटात विस्तवसुद्धा नव्हता.

दोष शोधायचं काम निशिकांत नावाच्या तरुण इंजिनिअरवर आलं. नुकतंच लग्न झालेला, क्लेमेंटीत भाड्याच्या खोलीत राहणारा. न्यूझीलंडहून माल घेणाऱ्या बाई स्वतः तपासायला येणार होत्या. त्यांचं समाधान झालं नाही तर मी भंगारात आणि निशिकांत घरी. नोकरी गेली की तिथे राहायचा पास गेला, पास गेला की सिंगापूर गेलं.

पण तुआसमध्ये थंड खोली आणायची कुठून? निशिकांतने मासळी गोठवून नेणारा एक जुना कंटेनर भाड्याने आणला. छताला भोक पाडून धुराडं बसवलं, आत सोफा आणि गालिचा टाकला, भिंतीत मला बसवलं आणि गारवा सुरू केला. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत हुडहुडी!

पोरगा हुशार. लाकडं ओली होती, ती त्याने वाळवली. माझ्या मागची फट बुजवली. गरम हवा खोलीत ढकलायला पंखा लावला. धुराड्यात एक झडप असते, ती विस्तव धरेपर्यंत सताड उघडी ठेवायची आणि मग अर्धी मिटायची. नाहीतर ज्वाळा नाचतात झकास, पण ऊब सगळी आभाळात जाते. हेही त्याला उमगलं. तरीही तो जेवून परत आला की खोली गारच्या गार!

"हिच्यातच खोट आहे," तो मला बघून म्हणायचा. अहो, खोट माझ्यात नव्हती, शिरीषदादांत होती.

शिरीषदादा कारखान्याचे फोरमन. मूळचे निफाडचे. निशिकांतला ही नोकरी त्यांनीच लावून दिलेली. तो जेवायला गेला की हे थर्मास घेऊन गुपचूप आत शिरायचे. पिशवीतून आईने विणलेला स्वेटर काढायचे, कानटोपी चढवायचे, झडप सताड उघडायचे, वर एक ओलं लाकूड सारायचे आणि सोफ्यावर कुडकुडत चहा प्यायचे. चेहरा असा, जणू स्वर्गात बसलेत. जाताना झडप होती तशी करून ठेवायचे.

मी सगळं बघत होते. मला मजाही वाटत होती, खोटं कशाला सांगू?

बाई येणार त्याच्या आदल्या शनिवारी निशिकांतची बायको सुलेखा डबा घेऊन आली. दोघं कंटेनरबाहेर सावलीत बसली. शिरीषदादा मात्र मागच्या बाजूने आत आले. घाईत झडप उलटी फिरवली आणि पार मिटवून टाकली. मग लाकूड सारायला माझं दार उघडलं.

मी काही केलं नाही, शपथ. धुराला वर वाट नव्हती, तो पुढे आला.

दादा खोकत बाहेर पडले. तुआसच्या भर उन्हात, स्वेटर आणि कानटोपीत, तोंड काळं! कामगार सिंगापुरी इंग्रजीत खिदळायला लागले. "अंकल, व्हेअर गॉट स्नो, ला?"

"शिरीषदादा, तुम्ही?" निशिकांत ताडकन उठला.

"अरे... थंडी रे," दादा टोपी काढत म्हणाले. "बारा वर्षं झाली, अंगावर काटा आला नव्हता. तुझं काम झालं की कंटेनर परत जाणार. वाटलं, अजून थोडे दिवस मिळावेत."

"आणि माझी नोकरी?"

"तुझ्या नोकरीवर येईल असं नव्हतं रे वाटलं."

सुलेखाने पाण्याचा ग्लास पुढे केला. "तोंड धुवा, भाऊजी. आणि ती शेगडी नीट पेटवून द्या."

दादांनी पेटवली. कोरडी लाकडं रचली, विस्तव धरल्यावर झडप अर्धी मिटली आणि समोरच बसून राहिले. हळूहळू खोली तापली. दादांच्या कपाळावर घाम आला, तेव्हा त्यांनी स्वेटर काढला, घडी घातली आणि डोळे पुसले. धुराने असेल.

सोमवारी न्यूझीलंडच्या बाईंनीही कोट काढला. खात्री पटली, निशिकांत राहिला, कंटेनर गेला.

मी चाचणीची, म्हणून मला विकलं नाही. दादा मला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेले. तिथे लाकडं पेटवायची सोय नाही, म्हणून त्यांच्या बायकोने, नंदावहिनींनी, माझ्यात कांदे भरलेत. परवा सुलेखा आली होती, म्हणाली, "वहिनी, हिची ऊब लागते का कधी?"

"लागते की! हिच्यापायी घरात रोज भांडण पेटतं."

तर मंडळी, तुमच्या गावाला कडाक्याची थंडी पडत असेल तर मला घेऊन जा. कोरडी लाकडं द्या आणि झडप सांभाळा, बाकीचं माझ्याकडे लागलं. माझ्यात दम नाही असं अजून वाटत असेल, तर एकदा दार उघडून बघा. वहिनींच्या कांद्यांना चांगले बोटभर कोंब फुटलेत.