गल्ल्यावर कोण बसणार

परदेशी शिकायला निघालेल्या पोरांकडून मुलाखतीची तयारी करून घेणं हे सरांचं पोटापाण्याचं काम. सकाळपासून सगळ्यांना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता आणि एकच उत्तर ऐकलं होतं. जागतिक दृष्टिकोन, नेतृत्वगुण, संधी. उत्तर त्यांनीच शिकवलेलं, त्यामुळे कंटाळायचीही चोरी.

दुपारी एक मुलगी वडिलांना घेऊन आली. वडिलांचं रंगाचं दुकान होतं. ते भिंतीलगतच्या खुर्चीत टेकले आणि पंख्याखाली पेंगायला लागले.

"बिझनेसच का? आणि परदेशातच का?" सरांनी विचारलं.

"मला जागतिक दृष्टिकोन—"

"पुरे." सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "अगं बाई, हे ऐकून कान किटले माझे. खरंच कशाला जायचंय तुला?"

तिने पेंगणाऱ्या वडिलांकडे एकदा पाहिलं.

"बाबांच्या ऑपरेशनपासून दुकान मीच बघते, सर. रंग मिसळायचं मशीन मी आणलं. रुसून गेलेले रंगारी मी परत जोडले. तरी कंपनीचा माणूस आला की मला विचारतो, 'साहेब कुठायत?' आणि बाबा म्हणतात, 'थांबा, चिरंजीव येतील.' चिरंजीवांना डिस्टेंपर कुठला नि ऑइलपेंट कुठला, ते कळत नाही."

"म्हणून परदेश?"

"इथली पदवी आहे की माझ्याकडे. तिला घरात कुणी विचारत नाही. बाहेरची घेऊन आले तर निदान ऐकून तरी घेतील."

वडील जागे झाले होते. कधी झाले, दोघांनाही कळलं नाही.

"एवढंच होतं तर बोलायचंस," ते म्हणाले. "उद्यापासून गल्ल्यावर तूच बस."

"बोलले होते, बाबा. कधी तुम्ही हसलात, कधी म्हणालात, आधी चहा टाक." तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "आता मला जायचंच आहे. मी कुणाची मुलगी हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यात काम करून बघायचंय."

पोरीला सरांनीच फूस लावल्यासारखं वडिलांनी त्यांच्याकडे पाहिलं. सरांनी नजर चुकवली.

खऱ्या मुलाखतीतही ती हेच बोलली, आणि गेली.

वर्षभराने वडील एकटेच आले. जिना चढून धाप लागली होती.

"धाकटा बसला थोडे दिवस दुकानात," ते म्हणाले. "आता त्यालाही बाहेर जायचंय."

"बिझनेस शिकायला?"

"दुसरं काय!"

"का जायचंय, विचारलंत?"

"या वेळी विचारलं. म्हणाला, दुकानातून सुटायचंय." ते कसनुसं हसले. "थोरलीला फोन केला. म्हटलं, ये, सगळं तुझंच. म्हणाली, शिक्षण संपू दे, मग बघू." मग म्हणाले, "येईल का हो ती?"

"नाही सांगता येत," सर म्हणाले.

वडिलांनी मान हलवली. श्वास जाग्यावर येईपर्यंत ते तिथेच बसून राहिले.