निहारचं चित्र पुरं होऊ नये म्हणून

खारीगावातल्या शांतीच्या घरात भिंतीवर चढायचं तर आधी मरावं लागे. तसा नियम कुणी केला नव्हता, पण होता. सासरा गेला तेव्हा बाराव्याच्या आत फोटो मोठा करून आणला. नवरा दत्ताराम गेला तेव्हाही तेच. पुढे जुनं घर पाडून त्याच जागेवर बिल्डिंग उभी राहिली, शांती तिसऱ्या मजल्यावर राहायला आली आणि तिच्यामागून हे दोघेही आले, हॉलमध्ये चंदनाचे हार घालून बसले. जिवंत माणसांनी अल्बममध्ये राहावं, फार तर मोबाइलमध्ये.

आणि त्याच हॉलमध्ये, खिडकीजवळच्या लाकडी स्टँडवर, तिच्या चार वर्षांच्या नातवाचं, निहारचं, चांगलं हातभर उंचीचं चित्र रंगवायला घेतलं होतं. आता तुम्हीच सांगा, बाईचं काळीज चरकणार नाही तर काय होणार?

"कशाला काढता रं चित्र?" तिने पहिल्याच दिवशी मुलाला, जितेंद्रला विचारलं होतं.

"असंच गं आई. आठवण म्हणून," जितेंद्र म्हणाला आणि बूट घालून ऑफिसला पळाला.

आठवण! पोर सोफ्यावर उड्या मारतंय आणि बाप म्हणतो आठवण. त्या दिवसापासून शांतीच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

चित्र काढायला यायचा भूपेश, समोरच्या विंगमध्ये ड्रॉइंगचे क्लास घेणारा. पोरगा गुणी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आधी फोटो काढून घेतले, पेन्सिलीने आखणी केली, मग रोज दुपारी तासभर येऊन अॅक्रेलिकचे रंग लावू लागला. निहारला समोर बसवायचं, एका हातात बिस्कीट द्यायचं आणि ते संपेपर्यंत जमेल तेवढं रंगवायचं. शांती बाजूला भाजी निवडत बसायची. पण लक्ष भाजीत कुठलं? ती बघायची सुनेकडे. निशिगंधा चित्राकडे बघता बघता डोळे पुसते, मग नाक ओढत किचनमध्ये जाते आणि नळ सोडते. नळ सोडला म्हणजे सासूला रडणं ऐकू येत नाही, असं समजतात या शिकलेल्या मुली!

मग एकेक गोष्ट जुळू लागली. मधल्या वारी दोघांनी सुट्टी घेतली आणि पोराला अंधेरीच्या कुठल्याशा मोठ्या दवाखान्यात तपासून आणलं. का, तर म्हणे "रूटीन". तापाने फणफणलं तरी गल्लीतल्या डॉक्टरकडे नेणारी ही माणसं, यांचं कसलं आलंय रूटीन? शांती हॉलमध्ये आली की दोघं बोलता बोलता इंग्रजीत शिरायची. जितेंद्र उगाच गोड बोलायला लागला होता, आईचे गुडघे विचारायला लागला होता. आणि पोर मागेल ते मिळत होतं. पूर्वी एका चॉकलेटसाठी बोलणी खाणारं पोर आता जेवायच्या आधी आइस्क्रीम खात होतं आणि आई गप्प बसत होती. असे लाड कधी करतात, ते शांतीला कुणी शिकवायला नको होतं.

वर्मी घाव घातला तो शेजारच्या भाविकाने. लिफ्टपाशी सहज म्हणाली, "काकी, निहारचं नाव शाळेतून काढलं का हो? आमच्या टीचर म्हणत होत्या."

शांती हो-नाही काहीतरी पुटपुटली. घरात येऊन ती देवापुढे बसली, पण देवाचं नावसुद्धा तोंडातून फुटेना. पोर पुढच्या वर्षी शाळेत जायचंच नाही, हे आईबाप धरून चाललेत. डॉक्टरांनी सांगितलं असणार. आणि फोटो मोठा करून आणायला नंतर धीर होणार नाही, म्हणून आत्ताच चित्र करून ठेवतायत. बाई गं, केवढी ती तयारी!

त्या दुपारी भूपेश ब्रश धुताना म्हणाला, "बस काकी, उद्या डोळ्यांतली चमक दिली की झालं. पूर्ण."

पूर्ण. शांतीने तो शब्द असा काही धरला की सोडेना. चित्र पूर्ण झालं की पोराचंही सगळं पूर्ण होणार, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. अडाणीपणा म्हणा, काही म्हणा. पोटच्या पोराचं पोर असं समोर रंगवून ठेवलेलं बघितलं की शहाणपण कुठे जातं ते कळेल.

भूपेश गेला. निशिगंधा निहारला झोपवायला आत गेली. शांतीने फडकं ओलं केलं. रोज बघत होती ना ती, पोरगा रंग पाण्यात कालवतो, ब्रश पाण्यात धुतो. पाण्याने लागला तो पाण्याने जाणारच की. ओटा पुसावा तसं पुसू, होऊ दे काय गोंधळ व्हायचा तो.

तिने डोळ्यांपासून सुरुवात केली. फडकं फिरवलं आणि बघितलं, तर डोळे जिथल्या तिथे. जोर लावला. छे! वाळलेला रंग प्लास्टिकसारखा घट्ट बसला होता. चित्रातला निहार तिच्याकडे बघून हसत होता, तोंडावर पाण्याचे ओघळ तेवढे आले होते. शांतीने साबण लावला, तोही वाया. मग तिने भांड्यांची तारेची घासणी आणली आणि डोळे मिटून खसाखसा घासायला लागली.

"आई! काय करताय तुम्ही?"

निशिगंधा दारात उभी होती. चित्रातल्या गालावर पांढरे ओरखडे उठले होते.

शांतीच्या हातून घासणी पडली. "मना खरा सांग," ती म्हणाली. "पोराला काय झालाय?"

"कुणाला, निहारला? काही नाही झालं."

"मंग शालेतना नाव का काढला? दवाखान्यात कशाला नेला व्हता? न्हाय जगत का तो? सांग, मी ऐकन."

निशिगंधा मटकन खालीच बसली. "देवा! तुम्ही हे समजत होतात? आई, तो ठणठणीत आहे. ती तपासणी व्हिसाची होती. यांना मेलबर्नला नोकरी मिळालीय. आम्ही तिघं चाललोय, पुढच्या महिन्यात. तुम्हाला सांगायचं धाडस होत नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. चित्र तुमच्यासाठीच आहे, तो रोज तुमच्यासमोर असावा म्हणून."

"म्हंजे त्याला काय न्हाय?"

"काही नाही."

शांतीने हात जोडले आणि ती तिथेच बसून घळाघळा रडली. आनंदाने रडली, त्यात खोट नव्हती. महिनाभर छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलून घेतल्यासारखं तिला झालं. सून जवळ सरकली, तिनेही डोळे पुसले. मग शांतीने विचारलं, "परत कवा यायचा?"

"बघू. दोन-तीन वर्षांनी येऊच ना एकदा."

दोन-तीन वर्षांनी. एकदा. शांतीने हिशेब केला नाही, पण मनाने केला. आणि मग मनात आलं, आजारी असता तर कुठे नेला असता यांनी? इथेच राहिला असता.

विचार आला आणि पुरा होऊनच थांबला. शांतीने फाडकन आपल्याच तोंडात मारून घेतली. निशिगंधाने तिचा हात धरला. "असं नका हो करू. फोन करू ना आम्ही रोज." तिला बिचारीला वाटलं, आपण जाणार म्हणून सासू दुःख करतेय.

शांती उठली. किचनमध्ये जाऊन तिने मुठीत मीठ घेतलं, मोहरी घेतली, दोन सुक्या मिरच्या घेतल्या आणि आतल्या खोलीत गेली. निहार पालथा पडून, तोंड उघडं टाकून झोपला होता. शांती त्याच्या उशाशी उभी राहिली आणि मूठ त्याच्या डोक्यावरून पायापर्यंत उतरवू लागली.

"आल्यागेल्याची," ती पुटपुटली. "शेजाऱ्यापाजाऱ्याची. वाटंवरच्याची. काळ्याची, गोऱ्याची. आईची, बापाची."

निशिगंधा दाराशी येऊन उभी होती. शांतीने तिच्याकडे पाठ केली, आवाज अगदी खाली आणला.

"आजीची," ती म्हणाली आणि मूठ आणखी एकदा उतरवली.